इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घनफळाने वीस टक्के इथेनॉल असलेले ई२० पेट्रोल आता जवळपास सगळ्याच पंपांवर मिळते. त्याबद्दल आमच्याकडे आलेल्या पत्रांत मायलेजपासून रबरी नळ्यांपर्यंत अनेक तक्रारी आहेत. पण बहुतेक पत्रांचा रोख शेवटी एकाच गोष्टीकडे वळतो, आणि ती म्हणजे पाणी. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मिठाच्या बरणीलाही पाणी सुटते. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी असल्यामुळे त्याची स्कूटर पावसाळाभर पडवीत उभी राहते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते आणि टाकीतल्या पेट्रोलचे पाणी होते, असे इथले मेकॅनिक सांगतात. हे खरे आहे का? टाकी रिकामी करून ठेवणे बरे का?
*एक वाचक, चिपळूण*

उत्तर : इथेनॉल ओलावा ओढते, हे खरे आहे. मात्र झाकण बंद असलेल्या टाकीत ते एका पावसाळ्यात ‘पेट्रोलचे पाणी’ होण्याइतका ओलावा ओढेल, हे हिशेबात बसत नाही. हा हिशेब करून पाहण्याआधी रेणूंच्या पातळीवर काय घडते ते समजून घेतले पाहिजे.

पेट्रोल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण. त्यांच्या रेणूंत पाण्याच्या रेणूला धरून ठेवण्यासारखी जागाच नसते. त्यामुळे १५ अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये जेमतेम ०.२ मिलिलिटर पाणी विरघळते आणि त्याहून जास्त असलेले पाणी सरळ तळाशी बसते. इथेनॉलच्या रेणूचे एक टोक दोन कार्बनांचे, म्हणजे पेट्रोलच्या जातकुळीचे असते, तर दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी असते. ही जोडी पाण्याशी हायड्रोजन बंध जोडते. दोन्हीकडे सोयरीक असलेल्या या रेणूमुळे पाण्याला पेट्रोलमध्ये शिरकाव मिळतो. दहा टक्के इथेनॉल असलेले एक लिटर पेट्रोल त्याच तापमानाला सुमारे ५ मिलिलिटर पाणी सामावून घेते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या पंचवीसपट. वीस टक्क्यांच्या मिश्रणात ही मर्यादा आणखी वर जाते, तापमान वाढले की वाढते आणि उतरले की घटते. या मर्यादेच्या आत असलेले पाणी दिसत नाही, थर धरत नाही आणि इंजिनात पेट्रोलबरोबरच वाफ होऊन निघून जाते. जुन्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळात चमचाभर पाणी टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून राही आणि पत्रा गंजवी. तेच पाणी आजचे मिश्रण हळूहळू उचलून घेऊन जाते. इथेनॉलच्या बाजूने बोलण्यासारखी ही एक गोष्ट आहे, पण ती कोणी बोलताना आढळत नाही.

आता आपल्या स्कूटरचा हिशेब. टाकी पाच लिटरची आणि निम्मी भरलेली आहे, असे धरू. मग आत अडीच लिटर पेट्रोल आणि अडीच लिटर हवा असेल. ३० अंशांना पूर्ण संपृक्त, म्हणजे याहून दमट होऊच शकणार नाही अशा एक लिटर हवेत फक्त ०.०३ ग्रॅम पाण्याची वाफ असते. टाकीतल्या अडीच लिटर हवेतले सगळे पाणी पेट्रोलने ओढून घेतले, तरी ते दीड थेंबाच्या वर जात नाही. दिवसा टाकी तापते, रात्री निवते आणि त्या ओघात थोडी हवा बाहेर जाऊन थोडी आत येते. ही देवघेव अगदी सढळ हाताने दिवसाला एक लिटर धरली, तरी चार महिन्यांत साडेतीन-चार मिलिलिटर पाणी आत येईल. अडीच लिटर पेट्रोलची मर्यादा, दहा टक्के मिश्रणाच्या दराने मोजली तरी, साडेबारा मिलिलिटर आहे. म्हणजे तिथे पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागेल, आणि तोही सगळा काळ आषाढासारखाच दमट असेल असे धरल्यावर. उघड्या डब्यात ठेवलेल्या पेट्रोलला हा हिशेब लागू पडत नाही. तिथे ओलावा आत येण्याला काही आडकाठीच नसते, आणि असे पेट्रोल ठेवणे मुळात धोक्याचेच आहे.

मग पावसाळ्यानंतर टाकीत जे पाणी सापडते ते कुठून येते? बहुतेक वेळा ते वाफेच्या रूपात नव्हे, तर पाण्याच्याच रूपात आलेले असते. पेट्रोल भरायच्या झाकणाभोवती जो खोलगट भाग असतो, त्यात साचलेले पाणी वाहून जावे म्हणून अनेक गाड्यांत एक बारीक छिद्र आणि त्याला जोडलेली नळी ठेवलेली असते. हे छिद्र मातीने किंवा पाल्याने बुजले की पागोळीचे पाणी तिथे तळ्यासारखे साचते, आणि झाकणाचे रबर कडक झालेले असेल तर थेंबाथेंबाने आत उतरते. पाइपच्या जोरदार झोताने गाडी धुताना थेट झाकणावर झोत धरला तरी हेच होते. आपल्या गावात आणखी एक कारण सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या टाक्यांत हवा खेळती ठेवणाऱ्या मार्गानेच पाणी शिरले असणार. अशा गाडीला ओलाव्याचे गणित लावत बसू नये. ती चालू करून न पाहता आधी टाकी पूर्ण रिकामी करून घ्यावी.

मर्यादा ओलांडली की काय होते, हे पाहिल्यावर मेकॅनिक इतके का घाबरतात ते कळेल. जास्तीचे पाणी एकटे तळाशी जात नाही. पाणी आणि इथेनॉल यांना परस्परांची ओढ पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे पाणी आपल्याबरोबर इथेनॉलचा मोठा हिस्सा घेऊन खाली उतरते आणि आत शिरलेल्या पाण्याच्या कित्येक पट आकाराचा, इथेनॉलने भरलेला थर तळाशी तयार होतो. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात अवेळी न पेटण्याची क्षमता, घसरतो. इंधन-पंप तळातूनच इंधन उचलत असल्यामुळे इंजिनाला सर्वांत आधी मिळतो तो खालचा थर. पेट्रोलच्या एका किलोला जळण्यासाठी साडेचौदा किलोच्या आसपास हवा लागते आणि इथेनॉलला केवळ नऊ. त्यामुळे पेट्रोलच्या मापाने हवा घेणाऱ्या इंजिनाला हे पाणचट इंधन फारच विरळ पडते आणि स्टार्टर मारून बॅटरी उतरली तरी गाडी चालू होत नाही. शिवाय हा थर पेट्रोलच्या तुलनेत वीज चांगली वाहून नेतो, त्यामुळे पत्रा, जस्त आणि ॲल्युमिनियम यांचा क्षय वेगाने होतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या वाटीत, जो पांढरा भुकटीसारखा किंवा चिकट गाळ सापडतो, तो बहुधा याच क्षयाचा असतो.

टाकी रिकामी मात्र करू नये, कारण पत्र्याच्या रिकाम्या टाकीच्या आतल्या बाजूला दव धरते आणि गंज चढतो. उलट टाकी गळ्यापर्यंत न भरता, पण बऱ्यापैकी भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला जागा कमी राहते. झाकणाजवळचे छिद्र तारेने मोकळे करावे, रबर तपासावे, आणि गाडी कार्ब्युरेटरची असेल तर फ्लोट बाऊलचा ड्रेन स्क्रू सोडून तेवढे पेट्रोल काढून टाकावे. चार महिन्यांत पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि काही भाग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट होऊ लागतो, ही गोष्ट इथेनॉल असो वा नसो, होतच असते. त्यामुळे परतल्यावर ताज्या पेट्रोलची भर घालून मगच गाडी वापरात आणावी.

प्रश्न : एका चलचित्रफितीत पंपावरचे पेट्रोल काचेच्या मोजपात्रात घेऊन त्यात पाणी घातले आणि हलवून ठेवले. तळाशी घातलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी दिसले. यावरून पेट्रोलमध्ये आधीपासूनच पाणी होते, असे सिद्ध होत नाही का?
*एक वाचक, सांगली*

उत्तर : नाही. तळाशी वाढलेला थर पाण्याचा नसून पाणी आणि इथेनॉल यांच्या मिश्रणाचा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे मोजण्याची हीच सोपी चाचणी आहे. फितीतल्या गृहस्थांनी प्रयोग बरोबर केला आणि निष्कर्ष उलटा काढला.

शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात ५० मिलिलिटर ई२० आणि ५० मिलिलिटर पाणी घेतले, तर त्या पेट्रोलमधले १० मिलिलिटर इथेनॉल जवळजवळ सगळे पाण्यात उतरते. खालच्या थराची रेघ ५० वरून ५९ च्या आसपास जाते आणि वरचे पेट्रोल ४० च्या जवळ उरते. ती ६० वर का जात नाही, असे कोणी विचारील. पाणी आणि इथेनॉल एकत्र आले की त्यांचे रेणू परस्परांत दाटीने बसतात आणि एकूण आकारमान किंचित घटते; ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर इथेनॉल मिसळले तर मिश्रण शंभर न भरता ९६-९७ मिलिलिटरच भरते.

पेट्रोलमध्ये आधीच पाणी आहे का, हे पाहायचे असेल तर मोजपात्रात पाणी घालायचे नाही. नुसते पेट्रोल घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवावे. मर्यादेपेक्षा जास्त पाणी असेल, तर ते दुधी दिसेल किंवा तळाशी वेगळी रेघ उमटेल. पेट्रोल नितळ असेल, तर त्यातले पाणी विरघळलेले आहे, आणि ते लिटरमागे काही मिलिलिटरच्या पलीकडे असू शकत नाही. दहा टक्के पाणी मिसळलेले नितळ पेट्रोल ही गोष्ट रसायनशास्त्रात बसत नाही.

शंका आली तर ग्राहकाने घनतेची तपासणी मागावी. तो त्याचा अधिकार आहे. पंपावर घनतामापक आणि तापमापक ठेवलेले असतात, मोजलेली घनता तक्त्यावरून १५ अंशांच्या घनतेत बदलून घेतात आणि टँकरबरोबर आलेल्या चलनावरील आकड्याशी ताडून पाहतात. घनमीटरला ३ किलोपर्यंतचा फरक चालतो. इथेनॉलची घनता पेट्रोलपेक्षा थोडी जास्त असल्यामुळे मिश्रणाचा आकडा जुन्या पेट्रोलहून वर दिसला, तरी त्यात भेसळ शोधू नये. ताडायचे ते चलनाशी.

खरी काळजी पंपाच्या भूमिगत टाकीची घ्यावी लागते. मॅनहोलमधून किंवा गज घालून पातळी पाहण्याच्या नळीतून पावसाचे पाणी तिथे उतरू शकते. गजाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून टाकीत सोडला की पाणी असेल तिथपर्यंत पेस्टचा रंग बदलतो. मात्र साध्या पाण्यासाठी बनवलेली जुनी पेस्ट इथेनॉलमिश्रित थराला नीट दाद देत नाही. त्यासाठी वेगळी पेस्ट वापरावी लागते. पूर्वी तळाशी बोटभर पाणी असले तरी पंपाची शोषणनळी त्याच्या वर असल्यामुळे फारसे बिघडत नसे. आता तेच पाणी वरच्या पेट्रोलमधले इथेनॉल खेचून स्वतःचा थर वाढवत नेते आणि नळीपर्यंत पोहोचू शकते, त्यामुळे पावसाळ्यात सकाळच्या मापाला आळस करणे पंपचालकाला परवडणारे नाही.

प्रश्न : मी एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत काम केले आहे. रेक्टिफाइड स्पिरिट ९५ टक्क्यांचे असते, तरीही पेट्रोलसाठी ते चालत नाही, निर्जल इथेनॉलच लागते. पाच टक्के पाण्याचा एवढा बाऊ का? ब्राझीलमध्ये तर पाणी असलेल्या इथेनॉलवर गाड्या धावतात ना?
*एक वाचक, अहिल्यानगर*

उत्तर : आपल्याच आकड्यांनी हिशेब मांडू. एक लिटर ई१० करण्यासाठी १०० मिलिलिटर स्पिरिट घातले, तर त्याबरोबर ५ मिलिलिटर पाणी जाईल. वर सांगितलेली १५ अंशांची मर्यादाही ५ मिलिलिटरच आहे. म्हणजे पेट्रोल डेपोतून निघण्याआधीच काठोकाठ भरलेले असेल. टँकरमधला ओलावा, पंपाची टाकी किंवा थंडीतली एक रात्र यांपैकी कशालाही त्यात जागा उरणार नाही. भारतात २००१ साली ५ टक्के मिश्रणाचे पथदर्शी प्रयोग झाले, त्यांत आपल्याकडचे मिरज आणि मनमाड होते आणि उत्तर प्रदेशातले बरेली. ५ टक्के मिश्रणाची पाणी सामावण्याची ताकद तर ई१० पेक्षाही बरीच कमी असते, त्यामुळे इथेनॉल जितके कमी, तितके ते कोरडे असण्याची गरज जास्त, असा हा काहीसा उफराटा नियम आहे.

उरलेले पाच टक्के पाणी काढणे सोपे असते, तर आसवनीने ते केव्हाच काढले असते. वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल आणि उरलेले पाणी हे मिश्रण ७८.२ अंशांना उकळते, म्हणजे शुद्ध इथेनॉलच्याही किंचित आधी, आणि त्याच्या वाफेत दोन्हींचे प्रमाण द्रवातल्याइतकेच राहते. अशा मिश्रणाला ॲझिओट्रोप म्हणतात. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभाची उंची कितीही वाढवली आणि कितीही वाफ खर्चली, तरी त्यापुढे पाणी हटत नाही. पूर्वी त्यात बेंझीन किंवा सायक्लोहेक्झेन मिसळून हा तिढा सोडवत. बेंझीन कर्करोगकारक असल्याने ती पद्धत मागे पडली. आता बहुतेक ठिकाणी रेणुचाळणी वापरतात. हे झिओलाइटचे लहान मणी असतात आणि त्यांच्या आतली छिद्रे सुमारे ३ अँगस्ट्रॉम रुंदीची असतात (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा असल्यामुळे तो छिद्रात शिरून अडकतो, सुमारे ४.४ अँगस्ट्रॉमचा इथेनॉलचा रेणू बाहेरून तसाच पुढे जातो. स्पिरिटची वाफ दाबाखाली या मण्यांतून नेली की ९९.५ टक्क्यांच्या वरचे इथेनॉल मिळते. मण्यांनी भरलेला एक स्तंभ पाणी शोषत असताना दुसऱ्याचा दाब उतरवून त्यातले पाणी काढून घेतात आणि काही मिनिटांनी दोघांची कामे बदलतात.

इतके कोरडे केलेले इथेनॉल मग पेट्रोलबरोबर लांब पल्ल्याच्या पाइपलाइनमधून का पाठवत नाहीत, हेही यावरून उमगेल. त्या पाइपलाइनींत कुठे ना कुठे पाणी असतेच. म्हणून इथेनॉल टँकरने डेपोपर्यंत येते आणि पंपाकडे रवाना होण्याच्या टप्प्यावर तिथेच पेट्रोलमध्ये मिसळले जाते.

ब्राझीलचे उदाहरण योग्य आहे, पण ते वेगळ्या इंधनाचे आहे. तिथे पंपावर दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असलेले इथेनॉल, ज्यात पेट्रोल मिसळलेले नसते. पाणी आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात एकजीव राहतात, त्यामुळे तिथे थर होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. भांडण लावते ते पेट्रोल. दुसरे म्हणजे मिश्रित पेट्रोल, ज्यात ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के इथेनॉल असते, आणि ते ब्राझीलमध्येही निर्जलच असते. दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या तिथल्या गाड्यांत ही दोन्ही एकाच टाकीत भरली जातात तेव्हा एकूण इथेनॉलचे प्रमाण इतके मोठे असते की त्यातले पाणी त्यात सहज सामावते.

प्रश्न : टाकीत थर वेगळे झालेच, तर वरून पेट्रोल भरून गाडी हलवली की ते पुन्हा एक होतील का? बाजारात पाणी घालवणाऱ्या द्रव्याच्या बाटल्या मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?
*एक वाचक, नाशिक*

उत्तर : हलवून काही होणार नाही. थोडा वेळ सगळे दुधी दिसेल आणि उभे राहिले की पुन्हा रेघ उमटेल, कारण दोन थर वेगळे राहणे हीच त्या मिश्रणाची स्थिर अवस्था आहे. कोरडे ई२० पुष्कळ प्रमाणात भरले, तर पाण्याचा वाटा मर्यादेखाली येऊन तत्त्वतः मिश्रण एकजीव होऊ शकते, पण तळाशी नेमके किती पाणी आहे हे माहीत नसताना तो जुगार ठरतो. इथेनॉल नसलेले पेट्रोल भरणे तर चुकीचेच, कारण त्यामुळे टाकीतले इथेनॉलचे प्रमाण घटते आणि पाणी सामावण्याची ताकद आणखी खाली जाते. काठावर असलेले, पण अजून नितळ असलेले मिश्रण अशा भरणीने फुटू शकते.

बाटल्यांत बहुधा आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मिथेनॉल असते. कॅनडात किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात राहणाऱ्या आपल्या वाचकांना त्या परिचित असतील. तिथे कडाक्याच्या थंडीत इंधननळीत पाण्याचा बर्फ होऊ नये म्हणून त्या ओततात, आणि इथेनॉल नसलेल्या पेट्रोलमध्ये त्यांना अर्थ होता. पाच लिटर ई२० मध्ये एक लिटर अल्कोहोल आधीच आहे. त्यात आणखी पन्नास मिलिलिटर अल्कोहोल घालण्यासाठी पैसे मोजण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. थर झाले असतील तर सगळे इंधन काढून टाकावे, टाकी कोरडी पुसून घ्यावी, फिल्टर बदलावा आणि नवे पेट्रोल भरावे. काढलेले मिश्रण गटारात ओतू नये, ते जळते आणि विहिरीच्या पाण्यापर्यंतही पोहोचते. ते गॅरेजमधल्या टाकाऊ तेलाच्या पिंपात द्यावे.

प्रश्न : ई२० सुरू झाल्यापासून माझ्या जुन्या गाडीचे मायलेज कमी झाले. याला पेट्रोलमधले पाणी कारण आहे का?
*एक वाचक, ठाणे*

उत्तर : नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर पेट्रोलमध्ये सुमारे ३२. वीस टक्के मिश्रणात लिटरमागे पावणेसात टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी भरते, आणि ती कमी आहे ती इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्यामुळे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ई२० मुळे ६ ते ७ टक्के आणि तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के घट धरली होती. आपली घट याच्या आसपास असेल तर टाकी उघडून पाहण्याची गरज नाही. ती पंधरा-वीस टक्के असेल, तर दोष पेट्रोलमध्ये शोधण्याआधी एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि टायरमधली हवा तपासून घ्यावी.